तिजोरीवरच्या दोन सह्या

ताईनं बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. आत बेल केकाटत राहिली.

"अहो, येतोय! दार मोडाल की!" मास्तर ओरडत आले. दार उघडलं आणि तिला बघून त्यांचा चेहरा खुलला. "तू होय पोरी! फोन करायचास की."

"फोन तुम्ही उचलता कुठे?"

मास्तर गुळमुळीत हसले आणि बाजूला झाले.

खोली तशीच होती. ताई सगळं शिकली ती इथेच. कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्युटर घेऊन ती पहिल्यांदा आली, तेव्हा मास्तरांनी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवून दिलं आणि म्हणाले, "आता हा तुझा. बिघडव आणि दुरुस्त कर." पुढे दोघांनी मिळून लिनक्ससाठी 'तिजोरी' केली. फायलींना कुलूप लावणारा छोटासा प्रोग्राम. मोफत, आणि कोड सगळ्यांना उघडा. ज्याला शंका येईल त्यानं खुशाल आत डोकवावं, हा मास्तरांचा खाक्या.

नियम मात्र कडक. कुणीही दुरुस्ती पाठवू दे, आधी मास्तरांनी ओळ न् ओळ वाचून आपल्या गुप्त डिजिटल चावीनं सही करायची, मग ताईनं तसंच करायचं. दोन सह्या झाल्याशिवाय नवी तिजोरी लोकांच्या कॉम्प्युटरवर जात नसे.

काल वकीलबाईंचा फोन आला होता. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांचे नवे पत्ते त्या तिजोरीत ठेवत. त्यातल्या एकीच्या दारात, तिजोरीखेरीज कुठेच नसलेला पत्ता शोधून, तिचा नवरा येऊन उभा राहिला. ती आता दवाखान्यात होती. वकीलबाई चिडल्या नाहीत की रडल्या नाहीत. "तुमच्यावर विसंबून होते हो मी," एवढंच म्हणाल्या.

फोन ठेवून ताई कोड उघडून बसली. समोरचा चहा निवायच्या आत तिला भोक सापडलं. 'पाहुणा' असं टोपणनाव घेतलेला कुणीतरी बरेच दिवस गुणी बाळासारखा बारीकसारीक दुरुस्त्या पाठवत असे. त्याच्या शेवटच्या दुरुस्तीत चार ओळी जास्तीच्या होत्या. कुणी पासवर्ड टाकला की त्याची आणि उघडलेल्या फायलीची एकेक प्रत गुपचूप भलतीकडेच जायची. त्या ओळी फारशा लपवलेल्याही नव्हत्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खुपल्याच असत्या. आणि त्या दुरुस्तीवर पहिली सही मास्तरांची!

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला एक जादा स्वल्पविराम पडलेला सहन व्हायचा नाही, त्याला चार ओळी दिसल्या नाहीत? दिसल्याच असणार. आता तिला सगळंच उमगायला लागलं. पूर्वी मास्तर प्रत्येक दुरुस्तीवर पानभर झाडाझडती लिहीत. हल्ली नुसतं 'बघितलं, ठीक.' फोन टाळायचे. भेट टाळायची. म्हणजे माणूस फितूर झाला होता.

रात्रभर ती रडली. सकाळी उठून तिनं तिजोरी वापरणाऱ्या सगळ्यांना जाहीर कळवलं. मास्तरांची चावी रद्द. त्यांनी जाणूनबुजून घात केला आहे. यापुढे फक्त माझ्या सहीवर विश्वास ठेवा. कुठून कुठून लोकांनी तिला धीर दिला आणि मास्तरांचा उद्धार केला. तिला जराही बरं वाटलं नाही.

"हा पाहुणा कोण, मास्तर?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

"पाहुणा? हां, तो होय. चांगला पोरगा आहे. किती अदबीनं लिहितो."

"केसानं गळा कापलात तुम्ही माझा." तिचा आवाज फाटला. "बाप मानलं मी तुम्हाला."

तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्या चार ओळी त्यांच्यासमोर धरल्या. मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. बराच वेळ झाला. मग त्यांनी मान वर केली.

"यात काय आहे, पोरी?"

"सोंग पुरे करा!"

"सोंग नाही गं. मला खरंच कळत नाही." मास्तर खुर्चीत बसले. "वर्ष होऊन गेलं. वाचतो, पण खालच्या ओळीवर येईस्तोवर वरची निसटलेली असते. डॉक्टर म्हणतात, हे असंच वाढत जाणार."

ताईच्या हातातला लॅपटॉप हळूहळू खाली आला.

"मग सही का केलीत? मला सांगायचं तरी होतं!"

"सांगितलं असतं तर चावी काढून घेतली असतीस. तेवढं एकच काम उरलं होतं माझ्याकडे."

"एक बाई दवाखान्यात पडली आहे, मास्तर. नवऱ्यानं शोधून काढून मारलंय तिला. या चार ओळींमुळे."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पण असं होईलच कसं? मी बिनघोर होतो तो तुझ्या जिवावर. मी पुढे ढकलायचो, लगेच तुझी सही यायची. मनात म्हणायचो, माझ्या नजरेतून सुटलं असलं तरी पोरीनं बघितलंय." त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला. "तू वाचत होतीस ना गं?"

ताईला त्यांच्याकडे बघवेना.

"तुमची सही झालेली असायची ना, मास्तर."