जानेवारीतला करकोचा

"अरे लूडविक, हा करकोचा बर्फात काय करतोय?" परीक्षकांच्या टेबलामागून वेंडेलने विचारले आणि सगळे सभागृह हसले.

लूडविक शेवटच्या रांगेत, अंगातला कोटही न काढता बसला होता. त्याला सलग चार वाक्ये बोलताना गावात कोणी ऐकले नव्हते. जे बोलायचे ते तो कागदावर रंगवी आणि कागद आईच्या पेटीत ठेवून देई. यंदा प्रथमच त्याने एक चित्र पेटीबाहेर काढले होते. मुरा नदीकाठच्या निसर्ग-संरक्षणाचे कॅलेंडर निघायचे होते. बारा महिने, गावकऱ्यांची बारा चित्रे. डिसेंबरात अग्निशमन दलाचे स्वयंसेवक ते घरोघर पोहोचवत, प्रत्येक दारात एकेक पेला रिचवत, आणि मग वर्षभर ते चुलीशेजारच्या खिळ्याला लटके. गावातल्या साऱ्या खिळ्यांवर एक महिना आपले पान असावे, इतकीच लूडविकची इच्छा होती. आईने तर आपल्या घरचा खिळा नवा ठोकून घेतला होता.

चित्रात एक कुंपण होते, संध्याकाळचा निळसर बर्फ होता, आणि त्यात एका पायावर उभा असलेला करकोचा. त्याचा डावा पंख खांद्यावरून घसरलेल्या शालीसारखा लोंबत होता.

वेंडेल अग्निशमन दलाचा प्रमुख, म्हणून तो परीक्षक. एमिलियाबाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका; त्यांना अलीकडे फारसे दिसत नसे, त्यामुळे त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप कोणी करू शकत नव्हते. मधोमध बसल्या होत्या प्रादेशिक कार्यालयातून आलेल्या निरीक्षक, नेवेंकाबाई. बाई मनाच्या चांगल्या होत्या. जखमी पक्षी घरी ठेवणे गुन्हा आहे हे त्या हसून सांगत आणि लगेच खोका घेऊन हजर होत. मागच्या वर्षी गिरणीतले मोडक्या पायाचे घुबड त्यांनी राजधानीला नेले. त्याबद्दल गावाला मानपत्र आले. घुबड आले नाही.

लूडविकच्या गोठ्यात, मक्याच्या कणसांच्या राशीआड, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून एक करकोचा राहत होता. तो विजेच्या तारेला धडकून शेतात पडला होता. आता तो उडू शकत नव्हता, पण दिवस मावळला की मान मागे टाकून चोच वाजवी. ती खटखट पार रस्त्यापर्यंत ऐकू जाई. शेजाऱ्यांना लूडविकने सांगितले होते, कपाट करतोय. तळ्यावरून बारीक मासे आणताना तो सांगे, मांजरीसाठी हवेत. त्याच्याकडे मांजर नव्हती. शेजारी माना डोलावत आणि अधूनमधून कपाटाची चौकशी करीत. माणसांना फसवणे इतके सोपे असावे, याचे त्याला मनापासून वाईट वाटे.

नेवेंकाबाई उठून चित्रापाशी गेल्या. त्यांनी चष्मा चढवला. आज आलेल्या चित्रांत एवढे एकच जिवंत आहे, असे त्या म्हणाल्या. जानेवारीचे पान त्यांच्या मते ठरल्यासारखेच होते. फक्त कार्यालयाचा एक नियम होता. प्राणी प्रत्यक्ष पाहिलेला हवा, आणि कुठे पाहिला ते चित्राखाली छापायला हवे.

"मोडका पंख असा कोणी मनाने काढत नाही," त्या मृदूपणे म्हणाल्या. "तुम्ही हा कुठे पाहिलात?"

 सभागृहात कोणाचा तरी खोकला अर्ध्यावर थांबला.

"हा कुठला पाहतोय?" वेंडेल गरजला. "करकोचे ऑगस्टातच आफ्रिकेला जातात, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. याच्या करकोच्याची गाडी चुकली असेल."

पुन्हा हशा पिकला. आधीपेक्षा मोठा, जरा जास्तच लांबलेला. लूडविकच्या कानांच्या पाळ्या तापल्या. याच माणसांसाठी त्याने पेटी उघडली होती. गोठ्यात चला, एवढे म्हटले असते तर साऱ्यांची तोंडे मिटली असती. शब्द ओठांपर्यंत आलेही. मग त्याला उद्याची संध्याकाळ दिसली: कणसांची रास, रिकामा कोपरा आणि कुठलीच खटखट नाही.

"पाहिला नाही," तो म्हणाला. "मनानेच काढला."

चित्र बाद झाले. जानेवारीचे पान पाद्रीबाबांची स्वयंपाकीण मार्येता हिने काढलेल्या खंड्या पक्ष्याला मिळाले. तो हंसाएवढा मोठा होता आणि त्याला पापण्या होत्या. चर्चमागच्या ओढ्यावर आपण तो पाहिला, असे मार्येताने छातीवर हात ठेवून सांगितले. साऱ्या गावाने दुजोरा दिला. नेवेंकाबाईंनी थोडा वेळ खंड्याकडे पाहिले आणि निमूटपणे नोंद केली.

त्यांची मोटार वळणाआड गेल्यावर लूडविक चित्राची गुंडाळी काखेत मारून सायकलीकडे निघाला. वाटेत, सभागृहालगतच्या बंबाच्या खोलीच्या दारात, वेंडेल उभा होता. त्याने गुंडाळी काढून घेतली.

"हे इथंच राहू दे. बंबाच्या खोलीत लावतो, तिथं बाई येत नाहीत. आणि ते कपाट आता पुरं कर बाबा. चौकशी करून करून लोक दमले."

 वेंडेलने बंबाआडून झाकणाची बादली आणली आणि सायकलीच्या दांडीला अडकवली. आत पाणी हिंदकळले.

"काका, तुम्हाला..."

"जानेवारीत करकोचे नसतात," वेंडेलने त्याला दरडावले. "आणि नसलेल्या करकोच्याच्या घशात मोठे मासे अडकतात, म्हणून बारीक आणलेत."