तपकिरी पूड

बायको, दीपाली, गेल्याचा फोन आला तेव्हा देवीदास सौंसरच्या बसस्टँडवर उभा होता. हातातल्या पिशवीत तिचे दोन गाऊन होते. नागपूरच्या हॉस्पिटलकडे जाणारी बस लागली होती. तो चढला नाही.

पांढुर्ण्याच्या कॉलेजात ती तांब्याच्या संयुगावर पीएचडी करत होती. तो त्याच लॅबमध्ये अटेंडंट. चार दिवसांपूर्वी लॅब पेटली, तेव्हा तो खाली बर्फ आणायला गेला होता.

दहाव्या दिवशी तिचे गाईड यशवंतराव सर यांनी त्याला बोलावलं. समोर चौकशीचा कागद होता. ‘संशोधिकेचा हलगर्जीपणा.’

“सही कर, देवीदास.”

“ते हलगर्जी नोती, सर. कार्बन डायसल्फाईडची बाटली उघडायच्या आधी बर्नर बंद करे, मेनस्विच पाडे. माही काडीपेटी बी बाहेर व्हरांड्यात ठेवायले लावे.”

त्यानं खिशातून छोटी बाटली काढली. तळाशी तपकिरी पूड.

“हे पहिल्या खेपेचं. आग लागली त्याच सकाळी नागपूरहून रिपोर्ट आला. आयआर तपासणीच्या सगळ्या रेषा जुळल्या. लय खुश होतो आम्ही. मंग तिनं दुसरी खेप लावली.”

सरांनी बाटली उजेडात धरली. “तांबं बरोबर बसलं रे पोरीचं. मले तरी कुठं पटून राहिलं? पण मग पेटलं कशानं? डायसल्फाईडच्या वाफेले ज्योत बी नाही लागत, नुसती धग पुरते. आत कोणी काडी ओढली होती?”

“नाही, सर. आत कोणीच काडी ओढली नाही.”

“मग तिच्यावरच येते. दुसरं कारण दाखव, हा कागद आत्ता फाडतो.”

देवीदासनं कागद घडी करून घेतला. “उद्या आणतो.”

घरी सासू, केसरबाई, फोटोजवळ बसल्या होत्या.

“जवाईबुवा, दहा दिवस झाले. पोरीपुढं एक अगरबत्ती नाही लावली तुम्ही. दगड झाले का?”

त्या आत गेल्यावर त्यानं पेटीतून अगरबत्तीचा पुडा काढला. रिपोर्ट आला त्या सकाळी आनंदानं घेतलेला. त्यातली एकच काडी कमी होती. ती त्यानं व्हरांड्यात पेटवली होती, ज्योत फुंकून विझवली होती आणि काडीपेटी नियमाप्रमाणं बाहेरच ठेवली होती. दीपाली पाठमोरी वजन करत होती. लॅबमधल्या बाबासाहेबांच्या फोटोपुढं धुमसती अगरबत्ती खोचून, हात जोडून, तो बर्फ आणायला गेला होता.

कागदावर सही राहिली होती. सरांना दुसरं कारण सांगायचं राहिलं होतं.