परक्या देशातल्या भावासाठी

परदेशात पोलिसांच्या हातून एक काळा माणूस मेला आणि इकडे पनवेलच्या दोन चर्चमध्ये जुंपली. एका चर्चचे पाळक म्हणाले, "परक्या देशाचं राजकारण आपल्या वेदीपाशी नको." दुसऱ्या चर्चने दारात त्या माणसाचा फोटो लावला आणि रविवारी खास प्रार्थना ठेवली.

त्याच आठवड्यात कळंबोलीच्या लोखंड बाजारात तार चोरीला गेली आणि पोलिसांनी वीटभट्टीवरून जैतू कातकऱ्याला उचललं. त्याची बायको सोमी ठाण्यात गेली, तर नावही न विचारता तिला सांगितलं, "इथं कुणाला आणलेलं नाही." ती पहिल्या चर्चच्या दारी गेली. तिथले पाळक म्हणाले, "त्या दुसऱ्यांकडे जा बाई, त्यांना असल्या गोष्टींचा फार कळवळा."

दुसऱ्या चर्चमध्ये खरंच सगळ्यांचे डोळे ओले होते. अनोळखी माणसासाठी एवढी माणसं रडताना पाहून सोमीच्या जिवात जीव आला.

"माझ्या पोराच्या बापाला पोलिसांनी नेलंय," ती पाळकांना म्हणाली.

"नाव काय त्यांचं?"

"आमच्यात बाई नवऱ्याचं नाव नाय घेत."

"असू द्या. आमच्या चर्चच्या पंचमंडळातले एक साहेब पोलिसातच आहेत, ते शोधतील." पाळकांनी पुढच्या बाकावरच्या साहेबांना बोलावून सगळं सांगितलं.

साहेबांनी सोमीकडे पाहिलंच नाही. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.



"हे पित्या, जैतूच्या मागे त्याच्या बायकोपोरांना आता तूच सांभाळ."