फादरांचं प्रायश्चित्त

"घरदुरुस्तीचं डेब्रिज गावच्या तळ्यात टाकलंत? मग नुसत्या प्रार्थनेनं भागणार नाही. वाडीत पाच झाडं लावा आणि जगवा," नवे फादर पापनिवेदनाच्या जाळीपलीकडून म्हणाले. देवाची सृष्टी जपणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य, असं ते दर रविवारी सांगत. हल्ली प्रायश्चित्तही तसंच देऊ लागले होते.

इनासची पंचाईत झाली. प्रार्थना मनातल्या मनात उरकता येते, झाड कुठे लपवणार? वसईच्या त्या गावात आता जो तो शेजाऱ्याच्या वाडीत डोकावून नवी रोपं मोजत होता.

आंब्याफणसाची रोपं घेऊन तो मागच्या बाजूने गुपचूप वाडीत शिरला. नेमकी त्याची बायको नातालीन तिथेच मोगरा खुडत होती.

"अगंबाई, पाच? असं केलंत तरी काय हो?"

"नर्सरीत स्वस्त मिळाली," खड्डा खणत इनास पुटपुटला.

"आणि सकाळी तर म्हणत होतात, सांगण्यासारखं पापच सापडत नाही!"

पुढे आठवडाभर तिच्या टोमण्यांशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

शनिवारी नातालीन स्वतः पापनिवेदनाला गेली. इनास ओट्यावर वाट बघत बसला. तिन्हीसांजेला दारात टेम्पो थांबला. चालकाशेजारून नातालीन उतरली. मागे रोपंच रोपं!

इनासने तोंड उघडलं.

"एक शब्द बोलायचा नाही," पदर खोचत ती म्हणाली. "कुदळ आणा."

त्याने मुकाट्याने आणली. पहिला खड्डा होईस्तोवर त्याने हसू दाबून धरलं. दुसऱ्याला नातालीनच आधी फिसकन हसली.