खोडायची खूण

कादंबरीकाराची एक पद्धत होती. आतल्या खोलीत दार लावून, येरझाऱ्या घालत तो मोठ्याने मजकूर सांगायचा आणि बाहेर बसून बायको टाईप करायची. सांगितलेलं वाक्य पसंत नसलं की तो दारावर आतून दोनदा टकटक करी. मग ती ते खोडून टाकी.

शेवटचं प्रकरण राहिलं आणि तो वारला. नायिका तळ्याच्या काठावर चपला काढून उभी होती. तिचा चष्मा, तिचा कोरडा खोकला, सगळं बायकोचंच होतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"वाचवा हो बिचारीला," दीर हसत म्हणाला. "आता दादा थोडाच ओरडायला येतोय?"

तिने टाईप केलं : ती मागे वळली आणि घरी आली.

दारावर दोनदा टकटक झाली.

"भावजी, ही कसली थट्टा?"

"वहिनी, मी तर तुमच्यासमोर बसलोय."

सवयीने तिचा हात खोडायला गेला. तिने तो मागे घेतला. "नाही खोडणार. जीव माझा आहे."

दिराने उठून दार सताड उघडलं. आत फक्त रिकामी खुर्ची होती, आणि फरशीवरच्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"बघा, कोणी नाही. चालू द्या तुमचं."

दार तसंच उघडं ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिने पुढचं वाक्य टाईप केलं : घरात येऊन तिने दिवा लावला.

आता ठोकायला बंद दार नव्हतं. टकटक तिच्या खुर्चीच्या पाठीवर झाली.