कोरा पट्टा

"यातला कोरा पट्टा कुठला?" समितीच्या अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं.

प्रयोग मांडणाऱ्या उत्कर्षानं बोट दाखवलं खरं, पण तिचं तिलाच पटेना. चरीच्या अलीकडं हळद छातीला लागत होती आणि पलीकडंही छातीलाच लागत होती. अलीकडच्या पट्ट्यात उन्हाळ्यात मेंढरं बसवलेली, रात्र रात्र. त्यांच्या लेंड्या-मुतानं जमीन खतावलेली. पलीकडचा पट्टा मुद्दाम उपाशी ठेवलेला, फरक डोळ्यांना दिसावा म्हणून. आता उपाशी रानाला एवढं बाळसं आलं कुठून? कॉलेजात बसून ती महिनाभर याच कोड्यात होती.

अनुदान सरकारी होतं. अट एकच: शेतकरी, मेंढपाळ आणि कॉलेज, तिघांनी मिळून संशोधन करायचं. पहिल्या वर्षाची पाहणी करायला समिती पुण्याहून सांगलीत येऊन थेट बाळगोंडा अण्णांच्या रानात उतरली होती. समितीनं मान हलवली तरच दुसरं वर्ष.

"या पट्ट्यात पण मेंढरं बसली होती का?"

"बसली की!" दगडाबाई म्हणाली. मेंढरं लेकाकडं सोडून ती पहाटेच्या एसटीनं आटपाडीकडून आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. "निम्म्या रानाचं झालं, तशी मेंढरांभवतीची जाळी उचलली आन ह्या अंगाला लावली."

"कुणी सांगितलं होतं?"

"त्ये काय सांगाय लागतंय व्हय? एकाच मालकाचं रान. निम्म्याला जेवू घालायचं आन निम्म्याला पंगतीतनं उठवायचं? आमच्यात असली रीत न्हाई सायेब. रान बसवायचं तर सगळं बसवायचं."

झालं! उत्कर्षानं कपाळाला हात लावला. बाळगोंडा अण्णा तर आ वासून बघत राहिले. दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जाणारा माणूस तो. रातचं रानात काय चालतं ते त्यांना काय ठाऊक!

"अगं मावशी, मला इचारायचं तरी!" उत्कर्षाच्या तोंडात चारचौघांत तिच्या गावची, रहिमतपूरची बोली आली. तिला खरंच राग आला होता.

"तू तरी सांगितलंस का, का उपाशी ठेवायचं त्ये? नुसतं म्हणालीस, हितवर बसवा. मला वाटलं, शिकल्याली पोर, लाजंनं निम्मंच मागतीया."

समितीतले एकजण हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

"अनुदान संशोधनाला दिलंय बाई, पंगतीला नाही. वर्ष पाण्यात गेलं."

"गेलं," उत्कर्षा म्हणाली. "मी आकडे फिरवून देणार नाही. पुढच्या वर्षी शेजारचं रान कोरं धरू, जिथं मावशी उतरतच नाहीत. एक वर्ष द्या, सर."

अध्यक्षांनी हळदीचं एक पान चुरगाळून हुंगलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं कसं आखीव लागायचं.

"वर्ष देतो. पण ही बाई नको. लेंडीखत पोत्यानं विकत घ्या, मोजून टाका." त्यांनी रस्त्याकडच्या, प्रयोगाच्या पिवळ्या पाटीकडं हात केला. "आणि ते तिसरं नाव आजच्या आज पुसा."

पाटीवर तीन नावं होती. बाळगोंडा अण्णांचं, उत्कर्षाचं आणि दगडाबाईचं. ही पाटी लागायच्या आधी कळप दिसला की याच वाटेवर लोक ओरडायचे, "आली मेंढरंवाली, राखा रं रानं!" कुत्री सोडायचे. पाटी लागली आणि तीच माणसं हाक मारायला लागली, "दगडाबाई, आमच्याबी रानात बसवा की." नाव पुसलं की कुत्री परत सुटणार, हे तिला न सांगताच कळलं. तिचं तोंड एवढंसं झालं. बाईला लय लागलं ते.

बाळगोंडा अण्णा खाकरले. साहेबांपुढं मान वर करून बोलायची त्यांची सवय नव्हती.

"सायेब, लेंडी पोत्यातनं यील. मेंढरू रातभर मुततंय, त्ये कशात भरून आणू?"

"अण्णा, विषय तो नाही—"

"तोच हाय. आन पुसायचंच असंल तर वरनं सुरू करा. पयलं नाव माझं हाय. रान माझं हाय. दगडाबाई न्हाई तर ह्या रानात परयोगबी न्हाई."

अध्यक्ष उत्कर्षाकडं वळले. "मॅडम, तुम्ही तरी समजावा. तुमची नेमणूक याच अनुदानावर आहे ना?"

उत्कर्षाच्या घरी ही नोकरी सोडून दुसरी मिळकत नव्हती. तिनं एकदा हळदीकडं बघितलं, एकदा मावशीकडं. घोटाळा मावशीनंच केला होता, यात शंका नव्हती. पण मोठ्या मनानं केलेला घोटाळा होता तो, आणि त्यासाठी बाईच्या अंगावर कुत्री सोडायची?

"दुसरं नाव माझं आहे, सर," ती म्हणाली. "तेही पुसा."

समितीतली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. ड्रायव्हरनं उगाचच गाडी सुरू केली आणि बंद केली.

"अहो, रानाचा मालक नाही, मेंढरं नाहीत, मॅडम नाहीत!" अध्यक्षांचा आवाज चढला. "मग उरलं कोण?"

दगडाबाईनं पदर खोचला आणि ती त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली.

"तुमी उरलासा की सायेब," ती म्हणाली. "करा आता मिळून."