चौकटीबाहेरचे तीन भाग

मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला, तेव्हा यशवंतच्या हातात तापलेली सोल्डर गन होती. बायको, वैजयंती, गेली, एवढंच त्याला कळलं.

सर्किटचे नकाशे ती संगणकावर काढायची आणि त्याबरहुकूम तो तारा जोडून डाग द्यायचा. वीस वर्षं असंच चाललं. मूकबधिर मुलांच्या वसतिगृहासाठी, धूर होताच खोलीतल्या दिव्यांची उघडझाप करणारं यंत्र तेवढं अर्धं राहिलं होतं.

महिन्याने त्याने या यंत्राचा तिने काढलेला नकाशा छापला. कागदावर निम्माच आला. त्याने मेहुणीला, मंजिरीला फोन लावला. तीही असेच नकाशे काढायची.

"भाऊजी, पानाचा आकार काय ठेवलाय? ए-फोर? अहो, पोस्टकार्डावर लग्नपत्रिका छापताय का? ए-थ्री करा, आणि चौकटही त्याच मापाची घ्या."

चौकट मोठी झाली आणि सगळ्या तारा आत आल्या. बऱ्याच दिवसांनी त्याला जेवावंसं वाटलं. मग उजवीकडे, चौकटीबाहेर, तीन सुटे भाग दिसले. त्याने पान आणखी मोठं केलं. तेही आत आले, पण त्यांना एकही तार नव्हती.

"ताईचं जे नक्की ठरलेलं नसायचं, ते ती बाहेर ठेवायची," त्याने पुन्हा फोन केला तेव्हा मंजिरी म्हणाली.

"मी आत आणलेत. आता जोडू कुठे?"

"मला नाही सांगता येणार, भाऊजी. डोकं तिचं होतं."

वसतिगृहात मुलं राहायला आली आहेत. यंत्र अजून अर्धंच आहे; ते तीन भाग जोडायचे राहिले आहेत.